जुन्या इमारतीतले भाडेकरू कसे शोधायचे?

मुंबईच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतीत कोणकोणत्या पेढ्या, कचेऱ्या, दुकानं येऊन गेली हे शोधताना इमारतीच्या नावावर विसंबू नका. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल पुढे महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. कोर्ट जवळ म्हणून तिथे वकिलांची चेंबर्स आली. रस्त्यांचंही तेच. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन मार्ग. म्हणून आधी जागेचा सी.एस. नंबर (सरकारी मोजणीतला भूखंडाचा क्रमांक) मिळवा आणि त्यावरून प्रॉपर्टी कार्ड काढा. मालक एकामागून एक कसे बदलले ते त्यात दिसतं.

भाडेकरू मात्र त्यात नसतात. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा सरकारी गोषवारा, ऑनलाइन बघता येतो, मुंबईचा १९८५ पासूनचा. पण पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) गाळ्यांचे व्यवहार पूर्वी बरेचदा नोंदवलेच जात नसत. मालकाला त्याचा वाटा द्यायचा आणि भाडेपावती नव्या नावावर करून घ्यायची, एवढ्यावर काम व्हायचं. तेव्हा इंडेक्स टूमध्ये काही सापडलं नाही म्हणजे भाडेकरू तोच राहिला, असं धरू नका.

खरा ऐवज म्हणजे भाडेपावत्या. जुन्या दुकानदाराच्या घरी पत्र्याच्या पेटीत गठ्ठा असतो. आदराने मागा, तिथेच फोटो काढा, पावती घेऊन जाऊ नका. तारीख पुसली असेल तर रक्कम बघा. रुपये-आण्यांत असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. लेटरहेडवर नुसतं ‘मुंबई १’ असा जुना टपाल विभागाचा क्रमांक असेल तर तो पिनकोड येण्याआधी, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ पूर्वी छापलेला. छापलेला साठा संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे दोन-चार वर्षांची सूट ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: पावती वारलेल्या वडिलांच्या नावावर, गुमास्ता परवाना (दुकान-कचेरीची सरकारी नोंदणी) मुलाच्या फर्मचा आणि पोटमाळ्यावर बसतो तिसराच. तिन्ही नावं वेगळी लिहा, एकात मिसळू नका. पार्टिशन घालून एका खोलीच्या दोन झाल्या की नंबरही सरकतात. म्हणून प्रत्येक मजल्याचा हाताने नकाशा काढून जिन्यापासून खोल्या मोजा.

वहीत रकाने असे आखा: मजला, खोली, नाव, धंदा, पहिला पुरावा, शेवटचा पुरावा. ‘१९५२ ते १९६८ इथे होते’ असं लिहू नका; ‘१९५२ ची पावती, १९६८ चं लेटरहेड’ असं लिहा. मधल्या काळात खोली दुसऱ्याकडे असू शकते.