ए. के. रामानुजन वाचायचे तर कुठनं सुरू करायचं (खास कोल्हापूरकरांसाठी)

पावसाळा लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटावर. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. इंग्लिश आणि कन्नडमध्ये लिहिणारे हे कवी, भाषांतरकार रामानुजन (गणितवाले नव्हेत) वाचायला घ्यायचे तर हाच सीझन धरा, आणि पहिली कविता घ्यायची 'अ रिव्हर'.

कविता मदुराईच्या वैगई नदीवर आहे, १९६६ च्या 'द स्ट्रायडर्स' या त्यांच्या पहिल्या इंग्लिश संग्रहातली. उन्हाळ्यात नदी आटते, वाळू उघडी पडते, पुलाखालच्या गंजलेल्या गजांत गवत आणि बायकांचे केस अडकलेले असतात, पण कवी लोक गाणी गाणार फक्त पुराची. आणि पूर आला की गावभर चर्चा काय तर पाणी किती इंच चढलं, घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या. वाहून काय गेलं तर तीन घरं, एक गरोदर बाई आणि दोन गाई. आता इथं थांबून नीट बघा, गाईंना नावं आहेत, गोपी आणि वृंदा, बाईला नाव नाही. रामानुजन यावर एक शब्द बोलत नाहीत, नुसतं मांडून पुढं जातात, आणि पुढं तिच्या पोटात कदाचित जुळी होती असं सांगून तुम्हाला गार करतात. वाचून झालं की घरात कुणालातरी विचारा २०१९ च्या पुरात काय काय गेलं. आधी फूट-इंच सांगतील, मग म्हशीचं नाव सांगतील, आणि मग तुम्हाला कविता परत वाचावीशी वाटेल.

वाचताना एक करा. ओळ जिथं तुटते तिथं थांबू नका, पूर्णविराम येईपर्यंत मोठ्यानं वाचत जा, कारण या माणसाचं एक एक वाक्य दहा-दहा ओळी चालतं आणि ओळीओळीला थांबलात तर काहीच हाताला लागत नाही. इंग्लिशची भीती बाळगू नका, शब्द साधे असतात.

चरित्र एवढं पुरे: जन्म म्हैसूर १९२९, घरात तमिळ, गावात कन्नड, वडील गणिताचे प्राध्यापक. नोकऱ्या करत बेळगावला पण इंग्रजी शिकवायला होते, म्हणजे आपल्या शेजारीच, आणि त्या भागात फिरून लोककथा पण गोळा केल्या. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, १९५९ ला अमेरिका, तिथनं शिकागो विद्यापीठ, आणि १९९३ ला शिकागोतच गेले. १९७६ ला पद्मश्री मिळाली. बाकी तारखांच्या नादाला लागू नका.

आता लोक हमखास चुकतात ती जागा. माणूस अमेरिकेत राहिला म्हणजे गावाच्या आठवणीनं डोळे पुसणार, असं धरून वाचू नका. रामानुजन घराकडं फार थंड डोक्यानं बघतात, थोडं चावट पण. 'स्मॉल-स्केल रिफ्लेक्शन्स ऑन अ ग्रेट हाऊस' वाचा. या घरात आलेली गोष्ट कधी बाहेर जात नाही, लायब्ररीची पुस्तकं, शेजाऱ्यांची भांडी, घरजावई, सगळं तिथंच मुरतं, आणि बाहेर गेलेलंही फिरून परत येतं, सैन्यातला पुतण्यासुद्धा, पण कसा ते शेवटी कळतं. आपल्याकडं गावागावातनं पोरं भरतीला जातात, ही कविता इथं जरा जास्तच लागते.

मग 'ऑबिच्युअरी'. वडील गेले, मागं काय ठेवलं तर टेबलावरची धूळ, कर्ज आणि मुली. मद्रासच्या पेपरात दोन ओळी आल्या म्हणे, तो पेपर रद्दीत किलोवर गेला, आणि मुलगा किराणा दुकानातनं मीठ, धने, गूळ आणतो त्या पुड्यांचे कागद वाचत असतो, एखाद्या दिवशी त्या ओळी सापडतील म्हणून. ही कविता एकट्यानं वाचू नका असं माझं मत आहे.

तिसरा टप्पा भाषांतरांचा, आणि इथं कोल्हापूरवाल्याला मोठा फायदा आहे. 'स्पीकिंग ऑफ शिवा' (१९७३) मध्ये बसवण्णा, दासिमय्या, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू या कन्नड शिवभक्त संतांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिकविता, इंग्लिशमध्ये आहेत. गडहिंग्लज, शिरोळकडचं कानडी येणारं एखादं माणूस तुमच्या ओळखीत असतंच, त्याला चहाला बोलवा. बसवण्णांचं ते वचन, श्रीमंत तुझी देवळं बांधतील, मी गरीब काय करू, माझे पाय हेच खांब, धड हाच गाभारा, डोकं हाच सोन्याचा कळस, हे त्याच्याकडनं आधी कानडीत ऐका आणि मग रामानुजनांचं इंग्लिश वाचा. कित्येकांच्या आजीला हे तोंडपाठ असतंय, पुस्तकाची गरजच नाही.

निबंध शेवटी. पहिला 'इज देअर अ‍ॅन इंडियन वे ऑफ थिंकिंग' घ्या, १९८९ चा. त्यात वडील परत भेटतात, धोतरावर इंग्लिश कोट, घरी अमेरिकन गणितज्ञ पण येणार आणि पंचांगवाले ज्योतिषी पण. पोरानं विचारलं, नेपच्यून-प्लूटो सापडले तर तुमच्या नऊ ग्रहांच्या ज्योतिषाचं काय, तर म्हणाले आवश्यक त्या दुरुस्त्या करून घ्यायच्या, बस्स. शनिवारी उपास आणि सोमवारी लॅबमध्ये काम करणारा एकतरी माणूस तुमच्या घरात असेलच, त्याच्याकडं बघत हा निबंध वाचायचा.

तीनशे रामायणांवरचा निबंध मात्र वादामुळं माहीत असेल, दिल्ली विद्यापीठानं २०११ ला अभ्यासक्रमातनं काढला. तो वादासाठी वाचाल तर कंटाळाल, कारण त्यात भांडण नाहीच, वाल्मीकी, तमिळ कवी कंबन, जैन, थाई, लोककथा असं एकेक रामायण शेजारी ठेवून फरक कुठं पडतो ते शांतपणे दाखवलंय. म्हणून तो सगळ्यात शेवटी.

पुस्तकं घेताना सुटे संग्रह शोधत बसू नका, १९९५ चं 'कलेक्टेड पोएम्स' घ्या, त्यालाच पुढं साहित्य अकादमी मिळालं. आणि तो कानडीवाला मित्र टिकला तर त्याच्याकडनं पुढचं काम करून घ्या, रामानुजनांनी कन्नडमध्ये पण कविता लिहिल्यात, पहिला संग्रह १९६९ चा 'होक्कुळल्ली हूविल्ला'.