लग्नाच्या ऑर्डरसाठी झूम लेन्स घेताना: आधी कार्यालय मोजा, मग कॅटलॉग उघडा

किट लेन्सवर (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८-५५) एक-दोन सीझन काढले की बहुतेक फोटोग्राफर एकाच जागी अडतात. गोरज मुहूर्त, बाहेरचा उजेड गेलेला, कार्यालयात स्टेजवर एलईडीचा झगमगाट आणि खाली अंधार. किट लेन्स झूम केली की तिचं अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ ५.६ वर येतं, कॅमेरा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० मागतो आणि नवरीच्या शालूची जर, पैठणीचे मोर सगळं चिखल होऊन जातं. मग २४-७० मिलिमीटरसारखी मिड-रेंज झूम घ्यायचं ठरतं. लेन्सचे पैसे एकदाच जातात, पण तिच्याबरोबर पुढची कित्येक वर्षं काढायची असतात. म्हणून ही निवड दुकानाच्या काउंटरवर करू नका. ज्या कार्यालयांत, ज्या घरांत तुम्ही काम करता तिथं उभं राहून करा.

पहिली पायरी: आपलेच जुने फोटो बघा

मागच्या चार-पाच लग्नांचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि अल्बममध्ये गेलेले फोटो कुठल्या फोकल लेन्थला (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा; लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं जवळ) काढलेत ते बघा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा फिल्टर (फोटोसोबत साठलेल्या माहितीवरून निवड) लावला की हे काही मिनिटांत कळतं. काढलेले सगळे फोटो नकोत, निवडले गेलेलेच बघा. बहुतेक फोटो किट लेन्सच्या १८ ला अडकलेले असतील, तर तुमची अडचण जागेची आहे. ५५ ला अडकलेले असतील, तर तुम्हाला पोच कमी पडते आहे.

दुसरी पायरी: जागा मोजा

गणित सोपं आहे. फुल फ्रेम कॅमेरा (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) आडवा धरला, तर अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेन्थने भागा, की फ्रेममध्ये किती रुंदी बसते ते कळतं. १० फुटांवरून २४ ला १५ फूट बसतात, २८ ला जेमतेम १३, ३५ ला सुमारे १० आणि ७० ला पाच. आता स्टेजवरचा कुटुंबाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत आठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली तरी १३-१४ फूट होतात. २८-७५ घेतली तर दोन पावलं मागं जावं लागेल. मागं जायला जागा आहे का? मोठ्या लॉनवर आहे. पण साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरात किंवा सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात सोप्यावर हळद चालू असते, तेव्हा तुमची पाठ आधीच भिंतीला टेकलेली असते. तिथं २४ आणि २८ मधला चार मिलिमीटरचा फरक म्हणजे आत्या फ्रेममध्ये की बाहेर एवढा मोठा असतो.

एक मात्र सांगतो. २४ ला कडेची माणसं ताणली जातात, चेहरे रुंद दिसतात. कडेला उभी राहिलेली मामी अल्बम बघून नाराज होते, आणि तिचं बरोबरच असतं. म्हणून जागा मिळाली की मागं सरकून ३५ च्या पुढं काढा. २४ जागा नसतानासाठी राखून ठेवा.

क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी (कॅमेरा) असेल तर हे सगळं बदलतं. फोकल लेन्थला निकॉन-सोनीवर दीडने, कॅनॉनवर १.६ ने गुणा. कॅनॉनच्या क्रॉप बॉडीवर २४-७० ही ३८-११२ सारखी वागते, म्हणजे घरातल्या कामाला निरुपयोगी. पुढं फुल फ्रेम घेऊ म्हणून आज क्रॉप बॉडीवर २४-७० लावू नका. त्या बॉडीसाठी १७-५०, १७-७० किंवा १८-५० एफ २.८ हीच खरी मिड-रेंज. सिग्माची १८-५० तर फक्त २९० ग्रॅमची आहे.

तिसरी पायरी: एफ २.८ की एफ ४

इथं मी ठाम आहे. मुहूर्ताचे फोटो तुम्ही काढणार असाल तर एफ २.८, तेही सगळ्या झूमवर कायम राहणारं. कारण अंतरपाटाच्या क्षणी कळतं.

शेवटची मंगलाष्टका संपत आलेली असते. हातात अक्षता घेऊन दीड-दोनशे माणसं स्टेजला भिडलेली. तुम्ही कडेला, मामांच्या कोपराखाली. 'सावधान' म्हणताक्षणी पाट खाली येतो, वाजंत्री सुरू होते आणि अक्षता उडतात. पहिला फोटो दोघं, पाट आणि वरून पडणाऱ्या अक्षता असा रुंद, साधारण २८-३५ ला. लगेच दुसरा, मुंडावळ्यांमागचे तिचे डोळे, ७० ला. मधे लेन्स बदलायला वेळ नाही, म्हणून तर झूम. माणसं हलत असतात, तेव्हा शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवून चालत नाही. एफ ४ ला आयएसओ ६४०० लागेल तिथं एफ २.८ ला ३२०० पुरतो, कारण उजेड दुप्पट आत येतो. किट लेन्सच्या एफ ५.६ च्या तुलनेत चौपट. फ्लॅशवरचा भारही निम्मा होतो, म्हणजे बॅटरी टिकते आणि फ्लॅश लवकर तयार होतो.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथं कामाला येत नाही. ते तुमचा हात सावरतं, नवरदेवाचा नाही.

मग २४-१०५ एफ ४ वाईट का? नाही. सकाळचे मुहूर्त, उघडा मंडप, फ्लॅशवर चालणारं ट्रॅडिशनल काम, वरात, यांत १०५ ची पोच फार उपयोगी पडते. दुसऱ्या बॉडीवर ५० किंवा ८५ एफ १.८ असेल, तर ही जोडी कमी पैशांत चांगलं काम देते.

चौथी पायरी: वजन हातात घेऊन बघा

लग्न सकाळी सुरू होऊन पाठवणीपर्यंत चालतं, आणि दुपारनंतर मनगट बोलायला लागतं. कॅनॉनची आरएफ २४-७० एफ २.८ ९०० ग्रॅमची आहे. सोनीची जुनी २४-७० जीएम (जी मास्टर मालिकेतली) ८८६, २०२२ ची जीएम दुसरी आवृत्ती ६९५. टॅमरॉनची २८-७५ दुसरी आवृत्ती ५४० आणि सिग्माची २८-७० फक्त ४७०. जवळजवळ सगळी कामं लॉनवर आणि मोठ्या कार्यालयात असतील, तर २८ पासून सुरू होणारी हलकी लेन्स घ्या, उरलेल्या पैशांत दुसरा फ्लॅश येईल. घरची कामं जास्त असतील तर २४ सोडू नका. टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८ सुंदर आहे, पण ती १,१६५ ग्रॅमची आणि ३५ पासून सुरू होणारी. एकट्याने काम करणाऱ्याने ती एकमेव लेन्स म्हणून घेऊ नये.

पाचवी पायरी: सेकंड हँड असेल तर

डीएसएलआर वापरणाऱ्यांना कॅनॉनची ईएफ २४-७० एफ २.८ दुसरी आवृत्ती, २०१२ ची, आजही भक्कम निवड आहे. उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तरी अॅडॉप्टर लावून चालते.

बघायला जाताना मोबाइल न्या. त्याची बॅटरी पेटवून मागच्या बाजूने तिरपा उजेड टाका आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. धुळीचे चार कण चालतात. झूम रिंग सगळीकडे सारखी फिरते का, लेन्स खाली धरली की नळी आपोआप सरकते का, ते बघा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून एफ २.८ ला सरळ समोरून फोटो काढा. एक कोपरा तीक्ष्ण आणि समोरचा मऊ आला, तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे.

आपल्याकडे हवेचाही विचार करावा लागतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडे काम असेल तर धूळ, आणि झूमची नळी आत-बाहेर होताना धूळ ओढते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ओल. हळदीत तर पिवळी पूड सगळीकडे उडते. म्हणून माउंटला (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याला) रबरी सील असलेली लेन्स घ्या आणि पुढं साधा प्रोटेक्शन फिल्टर लावा. हळद उडाली तर आधी ब्लोअर मारा, कापड नंतर. आधी पुसलंत तर पूड काचेवर घासली जाते.

शेवटी: एकदा भाड्याने चालवा

ठरलेली लेन्स एखाद्या साखरपुड्याला किंवा बारशाला भाड्याने आणा, मुहूर्ताला नको. तुमच्याच बॉडीवर लावा. कमी उजेडात डोळ्यांवर फोकस किती वेळा चुकतो, तेवढं मोजा. एलईडीखाली फोटोंत आडवे पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, माणसं स्थिर असतील तर शटर १/१०० ला आणा, नाहीतर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर सुरू करा. घरी येऊन फोटो पूर्ण मोठे करून बघा, पसंत पडली तरच पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घेऊन विकत घ्या. बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका. विमा काढताना आणि चोरीची तक्रार देताना तोच लागतो.