मीटिंगमध्ये शंका काढायची सोय कशी करायची

मीटिंगच्या शेवटी "कोणाला काही शंका?" असं विचारून काहीही होत नाही, लोक लॅपटॉप मिटायला लागलेले असतात, साहेबांचं मत आधीच कळलेलं असतं, मग उगाच वाईटपणा कोण घेणार. तुम्ही टीम लीड किंवा मॅनेजर असाल तर ही सवय आधी सोडा.

त्यापेक्षा निर्णय व्हायच्या आधी सगळ्यांना पाच मिनिटं द्या आणि चॅटवर लिहायला सांगा, "हे काम फसलंय असं धरा, कशामुळे फसलं असेल?" याला प्री-मॉर्टेम म्हणतात, गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे. असं विचारलं की शंका काढणं म्हणजे साहेबांना विरोध असं राहत नाही, ते दिलेलं काम होतं. वाचताना सगळ्यात ज्युनियर माणसाचं आधी वाचा, तुमचं एकदम शेवटी.

हे फक्त आयटीवाल्यांचं नाहीये. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर आदळला, त्यानंतर चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने काय काय चुकू शकतं ते आधी धरून डिझाइन केलं, तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी हे जाहीरपणे सांगितलंय. उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून ४ बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला यान नीट उतरलं. एवढ्या मोठ्या संस्थेने आधीचा विचार बदलला, त्यात कोणाची मान खाली गेली नाही.

आता शंका आली की पुढे काय, इथे बहुतेक टीम घसरतात. समजा शुक्रवारी संध्याकाळी ॲपचं रिलीज आहे, म्हणजे नवीन व्हर्जन लोकांसाठी सोडायचंय, आणि टेस्टर म्हणते, पेमेंटचं बटण पटकन दोनदा दाबलं तर पैसे दोनदा कटले, पण परत करून बघितलं तर होत नाहीये. "नेटचा प्रॉब्लेम असेल" म्हटलंत की विषय संपला, आणि पुढच्या वेळी ती बोलणारच नाही. त्याऐवजी काय दिसलं तर मत बदलायचं ते टेस्ट करायच्या आधीच ठरवा, म्हणजे "स्लो नेटवर वीस वेळा करू, एकदा जरी झालं तरी रिलीज सोमवारी" असं ग्रुपवर लिहूनच टाका. मग वाद तुमचा आणि तिचा राहत नाही.

पैसे परत दोनदा कटलेच तर त्याच ग्रुपवर सरळ लिहा, "मी शुक्रवार म्हणालो होतो, आता सोमवार, कारण हिने हे दाखवलं." गुपचूप तारीख बदलू नका प्लीज, लोकांना मत बदलताना दिसलं पाहिजे. आणि वीस वेळा काहीच झालं नाही तरी तिचे आभार माना, शंका खोटी निघाली म्हणजे ती काढणं चुकलं असं अजिबात नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

शंकेला मुदत मात्र हवी, गुरुवारी दुपारपर्यंत काय ते बोला, नंतर नवीन माहिती आली तरच विषय परत उघडायचा, नाहीतर कामच पुढे सरकत नाही.

आणि तुम्ही ज्युनियर असाल तर "मला बरोबर नाही वाटत" एवढ्यावर थांबू नका, काय बघितलं, कधी, कुठल्या फोनवर ते सांगा, स्क्रीनशॉट जोडा, आणि शेवटी विचारा, "सर, हे तपासायला अर्धा तास देऊ का?" एवढ्याला नाही म्हणणं कोणालाही जड जातं.