जुना कॉकेशियन गालिचा: आधी पाठ बघा, मग नाव विचारा

दुकानदाराने कॉकेशियन, म्हणजे जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान आणि दागिस्तान या कॉकेशस भागातला जुना गालिचा उलगडला की नजर आधी त्या मोठ्या अष्टकोनांवर आणि लाल रंगावर जाते. जाऊ द्या, दोन मिनिटं डोळे भरून बघून घ्या. मग कोपरा धरा आणि पालथा घाला. आम्ही जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत राहत होतो तेव्हा ड्राय ब्रिजच्या जुन्या बाजारातले विक्रेते अशा गिऱ्हाइकाशी लगेच वेगळ्या सुरात बोलायला लागायचे. आता पुण्यात लोकांची घरं सजवून देते, आणि 'जुना काझाक आहे, घेऊ का?' असा फोटो मोबाइलवर आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: पाठीचा फोटो पाठवा. काझाक हा कॉकेशियन गालिच्यांचाच एक भरड, ठळक नमुन्यांचा प्रकार.

पाठीवर काय बघायचं? पहिलं म्हणजे ताणा, उभे धागे. दोन्ही टोकांना लोंबतात त्या दशा म्हणजे या ताण्याचीच टोकं. वेगळी शिवलेली झालर दिसली तर तिथेच थांबा. एकोणिसाव्या शतकातल्या कॉकेशियन गालिच्यात हा ताणा बहुतेक वेळा लोकरीचा असतो: हस्तिदंती, करडा, तपकिरी, कधी दोन रंगांची लोकर एकत्र पिळलेली. दशा पांढऱ्याशुभ्र सुताच्या असतील तर माल बहुधा सोव्हिएत काळातल्या कार्यशाळांमधला किंवा त्यानंतरचा. आपल्याकडे प्रदर्शनांत 'काझाक' म्हणून जे विकतात ते बरेचसे पेशावरकडे अफगाण विणकरांनी विणलेले, अलीकडचे. ते वाईट नसतात, कित्येकदा सुंदर असतात, फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नयेत.

दुसरा बाणा, म्हणजे आडवे धागे. काझाकच्या पाठीवर गाठींच्या दोन ओळींमध्ये लाल बाण्याच्या दोन, तीन, कधी चार फेऱ्या स्पष्ट दिसतात. गाठी भरड, इंचाला 6 ते 8. लव, म्हणजे वरचे केसाळ धागे, उंच आणि चकचकीत. पूर्व अझरबैजानमधला शिरवान याच्या उलट: पातळ, आखूड लवेचा, बारीक गाठींचा, बाणा पांढरा. हा बाणा कधी सुतीही असतो, त्यामुळे तिथे सूत दिसलं म्हणून घाबरू नका; सुताची शंका ताण्यापुरती. ईशान्य अझरबैजानच्या कुबा भागातल्या गालिच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तर उभ्या बारीक सऱ्या लागतात, कारण एकाआड एक ताणा आत दाबलेला असतो. गाठ मात्र या सगळ्यांत एकच, तुर्की पद्धतीची, दोन्ही धाग्यांना वेढा घालणारी.

व्यापारी यांना 'टोळ्यांचे गालिचे' म्हणतात. ऐकायला छान, पण यातले बरेचसे गावात घर करून राहणाऱ्या बायकांनी विणलेले आहेत: अझरबैजानी, आर्मेनियन, दागिस्तानच्या लेझगी. कुठला नमुना मुळात कोणाचा, यावर बाकूत एक उत्तर मिळतं आणि येरेवानमध्ये दुसरं. गिऱ्हाइकाने त्यात पडू नये.

नमुन्यांची नावं शेवटी शिकावीत, कारण नमुना कोणीही उतरवून घेऊ शकतो. तरी काही पक्के ओळखीचे आहेत. मध्ये मोठा अष्टकोन आणि चार कोपऱ्यांत चार चौकोन, बहुतेकदा हिरव्या जमिनीवर (नमुन्यामागच्या रंगावर), तो काराचोव. लाल जमिनीवर किरणं फेकणारं पांढरं पदक म्हणजे चेलाबेर्द. बाजारात याला 'गरुड काझाक' म्हणतात, पण तो काराबाखचा. मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं असतील तर पेरेपेदिल. काठावर निळ्या-पांढऱ्या लाटा एकीमागे एक धावत असतील तर सेइखुर. शेपटी पसरलेले, कंगव्यासारखे दिसणारे मोर म्हणजे अकस्ताफा. बोर्चालोचा काठ रुंद, त्यात गडद-पांढऱ्या आकड्या एकमेकींत अडकलेल्या. हा भाग म्हणजे आजच्या जॉर्जियातला मार्नेउलीचा परिसर.

आता रंग. इथे वेळ घालवा. कृत्रिम रंग 1856 नंतर युरोपात निघाले आणि शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कॉकेशसच्या गावागावांत पोचले. 1883 मध्ये बाकू-त्बिलिसी-बातुमी रेल्वे पूर्ण झाली, माल भराभर बाहेर जाऊ लागला, आणि घाईत स्वस्त रंग वापरले गेले. परीक्षा सोपी आहे. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, दोन्ही अंगठ्यांनी लव फाकवून गाठीच्या मुळाशी बघा. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल किंवा निळीचा निळा टोकाकडे किंचित मऊ होतो, पण तोच रंग राहतो. मुळाशी भडक जांभळा आणि टोकाला राखाडी दिसला तर तो सुरुवातीचा कृत्रिम रंग. त्याने गालिचा जुना नाही असं ठरत नाही. 1860 च्या आधीचा नाही, एवढं ठरतं. किंमत पाडून मागायला मात्र हे कारण चांगलं.

काळ्या-तपकिरी लोकरीवरून डोळे मिटून बोट फिरवा. लोहयुक्त रंगाने ती लोकर झिजते, म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात काळ्या रेघा इतर रंगांपेक्षा खोल लागतात. नकली मालात त्या कात्रीने कापलेल्या असतात, पण त्यांची खोली सगळीकडे सारखी. खरी झीज पायवाटेच्या जागी जास्त, कडेला कमी. शेवटी ओला पांढरा रुमाल झिजलेल्या भागावर दाबून बघा. रुमाल रंगला तर उघडे पडलेले धागे शाईने रंगवून झाकलेले असण्याची शक्यता मोठी.

गालिच्यात साल विणलेलं दिसलं की लोक हरखतात. बहुधा ते हिजरी असतं. त्याला 33 ने भागा, आलेला आकडा त्यातून वजा करा आणि 622 मिळवा. 1310 असेल तर 1310 उणे 40, म्हणजे 1270, अधिक 622: इसवी 1892. पण अरबी लिपीतल्या 3 ला 2 पेक्षा एकच दात जास्त असतो. तो दात बनवणाऱ्या गाठी उपटून तिथे जमिनीच्या रंगाच्या गाठी घातल्या की 1310 चे 1210 होतात आणि गालिचा एका दुपारीत 97 वर्षांनी म्हातारा होतो. म्हणून शतकाच्या आकड्यामागची पाठ भिंगाने बघा; नव्या गाठींची लोकर वेगळी चमकते. आकडे आरशातल्यासारखे उलटे असले तर मात्र शंका घेऊ नका. लिहितावाचता न येणाऱ्या विणकरणीने दुसऱ्या गालिच्यावरून बघून ते उतरवलेले असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. अझरबैजानमधून गालिचा बाहेर नेताना बाकूच्या गालिचा संग्रहालयाचा दाखला लागतो, आणि खरोखर जुन्याला तो सहसा मिळत नाही. जॉर्जिया आणि आर्मेनियातही जुन्या वस्तूला सरकारी परवानगी लागते. 'काही लागत नाही, बॅगेत टाका' म्हणणाऱ्या दुकानातून निघून या.

घरी आणल्यावरचा पहिला नियम: खोलीत तो एकटाच बोलला पाहिजे. काझाकशेजारी पैठणीच्या उशा ठेवलेलं घर मी पाहिलंय, दोघांचंही मातेरं. उशा-पडद्यांसाठी गालिच्यातला लाल उचलू नका. त्यातला सगळ्यात कमी वापरलेला रंग शोधा, फिका हिरवा किंवा मळकट पिवळा, आणि तो साध्या हातमागाच्या कापडात आणा. काळसर शहाबादी फरशीवर काझाक जितका खुलतो तितका कशावरच नाही. गोव्याकडच्या किंवा जुन्या वाड्यांतल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सवर तो टाकू नका. तिथे भिंत वापरा. गुळगुळीत पांढऱ्या टाइल्सवर खाली जाड नमदा हवाच, नाहीतर पाहुणा घसरतो आणि गालिचाही झिजतो.

काझाक साधारण 5 बाय 7 फुटांचे असतात, त्यामुळे सोफा आणि खुर्च्या असं सगळं त्यावर बसवायचा हट्ट धरू नका. मोकळा टाका, फार तर एका बाजूने सोफ्याचे पुढचे पाय. जेवणाच्या टेबलाखाली कधीच नाही: हळदीचा डाग आणि सरकणाऱ्या खुर्च्या, दोन्ही घातक. झोपाळ्याखालीही नको, टाच रोज एकाच जागी घासते. लांब, अरुंद शिरवान पॅसेजसाठीच आहेत. आपण घरात चपला काढतो, हे या गालिच्यांचं भाग्य.

भिंतीवर लावायचा तर खिळे ठोकू नका. वरच्या कडेला पाठीमागून सुती नवार हाताने शिवा, टाका ताण्या-बाण्याच्या धाग्यांत घ्या, लव दाबू नका. नवारीवर वेल्क्रो, भिंतीवर लाकडी पट्टी आणि तिच्यावर वेल्क्रोची दुसरी बाजू. वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं. पश्चिमेची खिडकी समोर असेल तर दुसरी भिंत शोधा.

पावसाळ्यात कसरीचा धोका सोफ्याखाली, जिथे हात जात नाही तिथे. महिन्यातून एकदा फर्निचर हलवा, दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवा, पण फिरता ब्रश काढून आणि दशा वाचवून. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाका, म्हणजे झीज वाटली जाते. ठेवून द्यायचा असेल तर घडी नको; गुंडाळा आणि जुन्या सुती चादरीत बांधा, प्लास्टिकमध्ये नाही. धुण्यासाठी घरी येऊन फेस करणाऱ्या सोफा-सफाईवाल्यांना देऊ नका. हाताने धुणारा माणूस शोधा, आणि त्यालाही आधी एका कोपऱ्यात लाल रंगावर ओला पांढरा रुमाल पाच मिनिटं दाबून दाखवायला सांगा. रुमाल गुलाबी झाला तर गालिचा तसाच परत आणा आणि धुण्याचा विचार सोडा.