उष्णतारोधक घर उन्हाळ्यात तापत असेल तर

भिंतींना उष्णतारोधक थर, दुहेरी काचा, फटी बुजवलेल्या. असं घर बाहेरची झळ अडवतं, पण खिडकीतून शिरलेलं ऊन आणि माणसं-यंत्रांची उष्णताही तितक्याच हट्टाने धरून ठेवतं. त्यामुळे दिवसा उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि आलेली रात्री बाहेर काढायची, एवढंच काम असतं. एसीचा विचार त्यानंतर.

आधी मोजा. नोंद ठेवणारा तापमापक खोलीत साधारण 1.1 मीटर उंचीवर, ऊन लागणार नाही असा ठेवा. दुसरा बाहेर सावलीत. आठवडाभराच्या नोंदी पाहा. दुपारनंतर आतलं तापमान झपाट्याने चढत असेल तर दोष काचेचा. बाहेर गार झालं तरी आत उतरत नसेल तर हवा खेळत नाही. अंगाला जाणवतं ते नुसतं हवेचं तापमान नसतं. हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांची ढोबळ सरासरी जाणवते. हवा 27 अंश आणि पृष्ठभाग सरासरी 33 अंश असतील, तर 30 अंशांसारखं वाटणार.

सगळ्यात जास्त फायदा खिडकीच्या बाहेरच्या सावलीत आहे. काचेवर दर चौरस मीटरला 600 वॉट ऊन पडत असेल आणि काच त्यातली निम्मी उष्णता आत सोडत असेल, तर 2 चौरस मीटरच्या खिडकीतून 600 वॉट आत येतात, म्हणजे छोटा हीटरच. आतला पडदा ओढून फार काही साधत नाही, कारण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं.

छज्जा सगळीकडे चालत नाही. सूर्य खिडकीच्या बरोबर समोर, क्षितिजापासून 70 अंश उंचीवर असेल तर 1.2 मीटर उंचीची काच झाकायला सुमारे 45 सेंटीमीटरचा छज्जा पुरतो. तोच सूर्य 30 अंशांवर आला की 2 मीटरहून जास्त लागतो! म्हणून पूर्व-पश्चिमेला बाहेरून सरकत्या झडपा, गुंडाळता येणारे पडदे किंवा उभ्या पट्ट्या लावा. पश्चिमेची खिडकी आधी हाती घ्या. तिचं ऊन येतं तेव्हा घर दिवसभराचं तापलेलं असतं.

रात्री बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा 2-3 अंशांनी उतरलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. दुमजली घरात एक खालची आणि एक अगदी वरची उघडा, गरम हवा वरून निघते. सकाळी बाहेरची हवा आतल्याइतकी गरम व्हायच्या आत बंद करा. फरशी-भिंती उघड्या असतील तरच त्या हा गारवा साठवतात. जाड गालिचा किंवा फॉल्स सीलिंग असेल तर तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हवा फार दमट असेल तर मात्र ओलही आत येते, तेव्हा बेताने.

उष्णता परत मिळवणारं वायुवीजन यंत्र (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत उष्णतेची अदलाबदल करणारं) असेल, तर त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ताशी 150 घनमीटर हवा 5 अंशांच्या फरकाने जेमतेम 250 वॉट काढते. तरी त्याची बायपास झडप, म्हणजे ही अदलाबदल टाळून बाहेरची हवा थेट आत सोडणारी झडप, तपासाच. रात्री यंत्राची हवा खोलीत येते त्या जाळीपाशी तापमापक धरा. येणारी हवा बाहेरच्याइतकी गार असेल तर झडप उघडी आहे; आतल्याइतकी उबदार असेल तर ती अडकली आहे किंवा सेटिंग हिवाळ्याचं राहिलं आहे. दिवसा बाहेर जास्त गरम असताना झडप बंदच हवी. 85 टक्के कार्यक्षमतेचं यंत्र बाहेर 34 आणि आत 26 असताना सुमारे 27 अंशांची हवा देतं.

गरम पाण्याच्या पाइपांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पाणी सतत फिरत असेल तर ते चोवीस तास घर तापवतात. पाइपाच्या व्यासाइतकं जाड वेष्टण घाला, सांधे आणि व्हॉल्व्हसुद्धा झाका, आणि पंपाला टायमर लावा.

पंखा खोली गार करत नाही, अंगाला वारा देतो. सेकंदाला 0.8 मीटरच्या झुळकीने 2-3 अंश कमी वाटतं, म्हणून खोलीत कोणी नसेल तर तो बंद ठेवा. कोरडी हवा 35 अंशांच्या वर गेली की त्याचा उपयोग घटत जातो. तेव्हा एसी लावा, पण सावलीची सोय आधी झाली असेल तर लहानही पुरेल.