भाजीचा बॉक्स घरी येतो? मग या चुका टाळा

शनिवारी सकाळी दारात शेतकऱ्याकडून थेट आठवड्याच्या भाजीचा बॉक्स येतो. मार्गशीर्षातला असला तर त्यात मेथीची जाड जुडी, चाकवत, पाल्यासकट नवलकोल, चार मुळे, पावट्याच्या शेंगा, गाजरं, हिरवी वांगी, लाल भोपळ्याची फोड आणि ओल्या हळदीचे दोन तुकडे असतात. पहिल्या दिवशी घरात सगळे खूश असतात. बुधवारी मेथी पिवळी पडते, नवलकोल मऊ होतो, आणि भोपळ्याकडे कुणी बघतही नाही. असे चार आठवडे गेले की "आपल्याकडे एवढी भाजी संपत नाही" म्हणून बॉक्स बंद केला जातो.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक घरांत अडचण भाजी जास्त असल्याची नसतेच. मंडईत आपण आधी काय करायचं ते ठरवतो आणि मग भाजी घेतो. इथे भाजी आधी येते, ठरवायचं नंतर. हा उलटा क्रम अंगवळणी पडेपर्यंत माणूस इंटरनेटवर नवनव्या रेसिपी शोधत बसतो आणि थकून जातो. खरं तर नवीन रेसिपींची गरजच नाही. आपल्या स्वयंपाकात आठ-दहा रीती आहेत, त्या नीट माहीत असल्या की समोर कुठलीही भाजी येऊ दे, काम होतं.

बॉक्स आहे तसा फ्रिजमध्ये ढकलणं

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. बॉक्स आल्यावर अर्धा तास काढा आणि सगळं टेबलावर पसरा. मुळा, बीट, नवलकोल, गाजर यांचा पाला लगेच कापून वेगळा करा. पाला लागलेला असेपर्यंत कंदातलं पाणी ओढत राहतो, म्हणून दोन दिवसांत मुळा रबरासारखा होतो. पाला वेगळा ठेवला की कंद आठवडाभर टिकतो आणि पाल्याची वेगळी भाजी होते.

पालेभाजी धुऊन ठेवू नका. जुडीचा दोरा सोडा, पिवळी पानं काढा, सुती पंचात किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळा आणि धुवा ती चिरायच्या आधी. दवात काढलेली भाजी ओलीच येते, ती आधी तासभर पंख्याखाली पसरायला हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली मेथी कुजणारच.

वांगी, भेंडी आणि काकडी यांना कडक थंडी मानवत नाही. फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे बर्फासारखं गार असतं, तिथे ठेवलेल्या वांग्याच्या बिया काळ्या पडतात आणि काकडीवर खड्डे येतात. या भाज्या पुढच्या बाजूला ठेवून पालेभाज्यांनंतर लगेच संपवा. टोमॅटो बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये त्यांचा वास मरतो. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्यातल्या ओलाव्याने कांदा सडायला लागतो.

मुळा, गाजर, नवलकोल सुकलाच तर गार पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, पुन्हा कडक होतो. त्यातलं फक्त पाणी गेलेलं असतं. पिवळी पडलेली पालेभाजी मात्र परत येत नाही.

"आज काय करू?" हा प्रश्न चुकीच्या वेळी विचारणं

रोज संध्याकाळी सहा वाजता फ्रिज उघडून विचार करायचा म्हटलं की हात हमखास बटाट्याकडे जातो. शनिवारीच क्रम लावा. शनिवार-रविवार-सोमवार पालेभाज्या, त्यानंतर वांगी, भेंडी, शेंगा, आणि शेवटी कोबी, गाजर, बीट, दुधी, भोपळा. एवढा एक क्रम फ्रिजवर लिहून लावला की निम्मी ओढाताण संपते.

आणि मग रीत निवडायची. पीठ पेरून मेथीची भाजी करता ना? त्याच पद्धतीने कांद्याची पात, मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, बारीक चिरलेला कोबी, सिमला मिरची होते. डाळ घालून दुधी करता, तसाच पडवळ, कोबी आणि शेपू. कोथिंबीर वडीच्या पिठात मेथी, पालक, किसलेला कोबी किंवा दुधी गेला तरी वड्या खुसखुशीतच होतात. लाल भोपळ्याचे घारगे ज्या घरात होतात तिथे वाफवलेल्या भोपळ्याचं दह्यातलं भरीतही होऊ शकतं. कोशिंबीर म्हटली की काकडी-टोमॅटोच आठवतात, पण कोवळा नवलकोल किसून त्यावर दाण्याचं कूट, लिंबू आणि हिंग-मिरचीची फोडणी घाला, पाहुणे काय आहे ते विचारतात.

अनोळखी भाजी आली तर तिचं कूळ बघा. नवलकोल, फ्लॉवर, ब्रोकोली, केल हे सगळे कोबीचे भाऊबंद आहेत, कोबीची रीत त्यांना चालते. मुळा आणि मोहरीही त्याच कुळातल्या, म्हणून मुळ्याच्या पाल्याला तिखटसर उग्र चव असते आणि बेसन पेरलं की ती माणसाळते. झुकिनी ही भोपळ्याच्या घरातली, तिला दुधीसारखी चणाडाळ घाला. पालक, चाकवत, राजगिरा, माठ आणि बीट एकाच कुळातले आहेत, त्यामुळे बीटचा पाला पालकाच्या पातळ भाजीत बिनदिक्कत मिसळतो, फक्त भाजीचा रंग गुलाबीकडे झुकतो. हे एकदा समजलं की बॉक्समधून काय निघेल याची धास्ती राहत नाही.

वांग्यांबाबत मात्र जात बघूनच ठरवा. मोठी, फिकट हिरवी, हलकी वांगी आली तर त्यांचा रस्सा करणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, ती भरतासाठीच आहेत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खानदेशात ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. घरी गॅसवर भाजताना आच मध्यम ठेवा आणि वांग्याला आधी दोन-तीन टोचे मारा, नाहीतर फुटतं. आणि मिरच्या वांग्याबरोबर भाजून ठेचा, कच्च्या नकोत.

सगळ्याला एकच फोडणी

कांदा, टोमॅटो, आलं-लसूण पेस्ट आणि वर गरम मसाला. असं केलं की दुधी, तोंडली, फरसबी सगळं एकाच चवीचं लागतं आणि मग घरातली मुलं म्हणतात, "रोज तेच." ताज्या भाजीला स्वतःची चव असते, ती झाकायला मसाला नको.

लाल भोपळ्याला फोडणीत मेथीदाणे हवेत. गवारीला ओवा. शेपूला भरपूर लसूण आणि भिजवलेली मूगडाळ. भेंडीला आमसूल. फरसबीला जिरं आणि ओलं खोबरं पुरतं. गोडा मसाला वांगी, तोंडली, पावटा यांच्यासाठी राखून ठेवा. अंबाडी आंबट असते, तिच्यात ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या, गुळाचा खडा आणि वरून लसणीची खमंग फोडणी, एवढंच. आंबट पालेभाज्या लोखंडी कढईत करू नका, काळ्या पडतात आणि धातूची चव लागते. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई बघून घ्या.

पाला, शिरा, साली कचऱ्यात

शेतकऱ्याकडून थेट आलेल्या भाजीचा निम्मा फायदा इथे आहे, आणि लोक तो टाकून देतात.

दोडक्याच्या शिरांची चटणी हे त्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण. दोडका आधी धुवा, मग शिरा खरवडून काढा. कोवळ्या शिरा घ्या, जून धागे सोडून द्या. कढईत दोन चमचे तेल घालून शिरा अगदी मंद आचेवर परता. पहिली पाच मिनिटं त्यांना पाणी सुटतं, घाई करून इथे मोठी आच लावली की बाहेरून करपतात आणि आतून ओल्या राहतात. पाणी आटलं की आवाज बदलतो, चर्र थांबून कुरकुर ऐकू येते. तेव्हा त्यात चार पाकळ्या लसूण, मूठभर सुकं खोबरं, दोन चमचे तीळ आणि हिरवी मिरची घालून तीळ तडतडेपर्यंत परता. गार झाल्यावर मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरला लावायची तर थांबत-थांबत फिरवा, सलग फिरवलं की खोबऱ्याला तेल सुटून चटणीचा गोळा होतो. भाकरीबरोबर ही चटणी पुढे आली की दोडक्याची भाजी मागे पडते.

दुधीच्या सालीची चटणी अशीच होते. फ्लॉवरचे कोवळे दांडे सांबारात जातात. मटारच्या कोवळ्या शेंगांचं आतलं पातळ आवरण सोलून टाकलं तर सालं बटाट्याबरोबर परतता येतात. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात घाला, वास पानांपेक्षा काड्यांतच जास्त.

बिघडलं तर

पालेभाजी खारट होते, कारण मीठ जुडीचा आकार बघून घातलेलं असतं. कढईभर मेथी परतल्यावर वाटीभर उरते. मीठ भाजी बसल्यावरच घाला. खारट झालीच तर शिजवलेली मूगडाळ मिसळा किंवा बेसन पेरून आणखी पाच मिनिटं परता.

हिरवी भाजी काळपट पडत असेल तर झाकण काढा. झाकणाखाली भाजीतलं आम्ल आतच कोंडतं आणि हिरवेपणा जातो. रंगासाठी खाण्याचा सोडा मात्र घालू नका, भाजी लिबलिबीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात.

भेंडी चिकट होते ती चिरल्यानंतर धुतल्यामुळे किंवा ओली चिरल्यामुळे. आदल्या रात्री धुऊन पुसून ठेवा. झाकण न ठेवता परता, आमसूल मध्येच घाला, मीठ शेवटी.

चाकवताच्या ताकातल्या भाजीत ताक फुटलं? बेसन कमी पडलं किंवा गार ताक उकळत्या भाजीत ओतलं गेलं. चमचाभर बेसन पाण्यात कालवून घाला, आच कमी करा आणि रवीने घोटा, बरीचशी सावरते. पुढच्या वेळी ताकात बेसन आधीच कालवा आणि उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका.

बटाटा किंवा सुरण शिजतच नाही, असं झालं तर चिंच-कोकम लवकर पडलंय. आंबट आधी गेलं की भाजी दडदडीत राहते. आधी भाजी शिजू द्या. अळू मात्र चिंचेशिवाय घशाला खाजतं, म्हणून पाला पूर्ण शिजल्यावर चिंचेचा कोळ घालून चांगली उकळी काढा.

आणि एक गोष्ट अगदी गांभीर्याने. दुधी, दोडका, काकडी, घोसाळं चिरल्यावर बारीकसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सबंध फळ टाकून द्या. या कुळातला कडवटपणा ककर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो, शिजवून किंवा साखर घालून तो जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याच्याशी याची गल्लत नको.

रानभाज्यांचंही तसंच. श्रावणात बॉक्समध्ये टाकळा, फोडशी, कर्टुली, भारंगी येते. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव पावसाळ्यात भरतात, तिथे गेलात तर करणाऱ्या बायकांकडून थेट शिकता येतं. शेवळं या रानभाजीसोबत काकडं नावाची आंबट रानफळं का देतात? कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. इथे कल्पकता नको, जिच्या हातून भाजी आली तिची पद्धत जशीच्या तशी पाळा.

उरलेल्या चिल्लर भाज्यांचा गिचका

गुरुवार-शुक्रवारी दोन गाजरं, एक वांगं, मूठभर पावटा, भोपळ्याचा तुकडा असं उरतं. सगळं एकदम कुकरमध्ये घातलं की लगदा होतो. आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी, ऋषिपंचमीची भाजी, गोव्यातलं खतखतं, या सगळ्या मिसळीच्याच भाज्या, आणि तिघींचा बाज पूर्ण वेगळा. भोगीला तिळाचं कूट आणि बोरं. ऋषिपंचमीला अळू, माठ, सुरण, मक्याचं कणीस, फोडणीच नाही. खतखत्यात तूरडाळ, नारळ आणि तिरफळं. हाताशी तीळ असले तर भोगीकडे जा, नारळ असला तर गोव्याकडे.

क्रम मात्र तिन्हींत सांभाळायचा: गाजर, सुरण, नवलकोल आधी, मग पावटा आणि शेंगा, मग वांगं, भोपळा सर्वांत शेवटी. पावटा आणि वाल पुरते शिजलेत ना, ते दाणा दाबून बघा, कच्चट ठेवू नका.

तीच भाजी पुन्हा आली म्हणून चिडणं

एप्रिल-मेमध्ये सलग तीन आठवडे दुधी येणार, कारण शेतात तेव्हा दुधीच आहे. कोहळा आणि मिरची जास्त आली तर सांडगे घाला, ऊन आहे तोवर. गवार चिरून वाळवा, पावसाळ्यात तळून खिचडीबरोबर खाता येते. हिवाळ्यात मटार सोलून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच गार पाण्यात, निथळून फ्रीझरला. गाजर-फ्लॉवर-मटारचं लोणचं आठवड्याभरात संपतं, त्यामुळे ते थोडंच घाला.

आणि शेतकऱ्याशी बोला. पुढच्या शनिवारी काय निघणार आहे हे त्याला गुरुवारीच माहीत असतं. अंबाडी येणार असली तर कण्या आणून ठेवता येतात, पडवळ येणार असला तर शुक्रवारी रात्री चणाडाळ भिजत घाला.