जर्मनीत नोकरीसाठी गेल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे

जर्मनीत नोकरी मिळाली की बहुतेकांना पगाराची आणि भाषेची चिंता लागते. माझ्या मते आधी चिंता करावी ती पत्त्याची. पहिले घर तात्पुरते असले तरी चालते, परंतु तेथे ‘आनमेल्डुंग’, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंदणी, करता येईल का हे भाडे ठरवण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. काही घरमालक तशी परवानगी देत नाहीत, आणि अशी खोली कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि भरलेला अर्ज यांच्याबरोबर, तुम्ही त्या घरात राहायला आला आहात असे घरमालकाच्या सहीचे प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. बर्लिनसारख्या शहरात कार्यालयाची वेळ मिळणे हेच मोठे काम असते, मात्र तेथे शहरातील कोणत्याही भागातील कार्यालय चालते, त्यामुळे शोध आपल्या भागापुरता ठेवू नये. अर्जातील धर्माचा रकाना विचारपूर्वक आणि खरा भरावा, कारण चर्चच्या सदस्यांना आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर वेगळा भरावा लागतो.

यानंतरचे काम क्षुल्लक वाटते, पण ते त्याच दिवशी करावे: टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी आपले आडनाव लावावे. इमारतीतील घरांना बहुधा क्रमांक नसतात; पोस्टमन पेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो, आणि नाव सापडले नाही तर पत्र परत जाते. तुमचा ११ अंकी करक्रमांक टपालानेच येतो, आणि तो वेळेत कंपनीला न दिल्यास सर्वांत जड दराच्या सहाव्या करवर्गाने पगारातून कपात होऊ शकते. जास्त कापलेली रक्कम पुढे परत मिळते खरी, पण नव्या देशातील पहिल्याच महिन्यात हात आखडता घ्यावा लागतो. मित्राच्या घरी राहत असाल, तर त्याच्या नावाखाली आपले नाव चिकटपट्टीने लावले तरी पुरते.

कायमचे घर घेताना अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा, म्हणजे इतर खर्च वगळून येणाऱ्या भाड्यापेक्षा, जास्त मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. किल्ल्या घेताना भिंतींवरचे डाग आणि मीटरचे आकडे यांची छायाचित्रे काढून दोघांच्या सहीच्या नोंदपत्रात ते लिहून घ्यावे.

नोंदणीनंतर काही काळाने प्रसारणशुल्काचे, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीच्या शुल्काचे, पत्र येते. टीव्ही नसला तरी हे शुल्क लागू होते, त्यामुळे पत्र बाजूला टाकू नये. मात्र ते माणशी नसून घरटी असल्याने सहनिवासी आधीच भरत असेल, तर त्याचा या शुल्काचा खातेक्रमांक (बँकेचा नव्हे) कळवावा.

रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरावा. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे यांवर बहुधा २५ सेंट अनामत असते. ते न चेपता दुकानातील यंत्रात परत द्यावेत. रात्री १० नंतर भिंतीत खिळे ठोकणे किंवा मोठ्याने गाणी लावणे टाळावे, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकण्याचे काम रविवारी करू नये, कारण त्या आवाजाबद्दल शेजारी हटकतात.